रोझेटाला मार्क किती द्यायचे?

आमच्याकडे एक ट्रस्ट आहे, बारावीनंतर शिकणाऱ्या मुलींना फीसाठी मदत करतो, आणि जूनमध्ये मुलाखती घ्यायला मलाही बोलावतात. वाचनालयाच्या वरचा हॉल, डुगडुगणारं टेबल, कागदी प्लेटमधले पोहे, आणि समोर एकेक मुलगी येऊन बसते. यंदा एक आली ती सॅक पाठीवरून काढून मांडीवर घेऊन बसली आणि शेवटपर्यंत ती सॅक तिने खाली ठेवली नाही. आई केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटते, ही संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात असते, बाकीचं सगळं फॉर्मवर होतंच. आमच्यातल्या एका काकांनी अगदी मायेने विचारलं, बाळा, एवढ्या अडचणींत तू खचली नाहीस, हे बळ तुला कुठून मिळतं? ती म्हणाली, "फीची लास्ट डेट दहा आहे. पैसे त्याआधी मिळतील का?" काकांनी परत प्रयत्न केला, आईबद्दल काही सांग. ती म्हणाली, फॉर्ममध्ये लिहिलंय. मग चेक कॉलेजच्या नावाने निघणार का तिच्या, हे तिने विचारलं, उत्तर ऐकलं, सॅक पाठीला लावली आणि गेली. नमस्कार नाही, थँक्यू नाही. दार लागायच्या आत कुणीतरी म्हणालं, अ‍ॅटिट्यूड बघितलात का. दुसऱ्या बाई म्हणाल्या की खरी गरज असलेला माणूस असा बोलत नाही हो. तिच्या आधी आलेली मुलगी बोलता बोलता रडली होती, आम्ही तिला पाणी दिलं होतं, आणि मार्कांच्या कागदावर 'एकंदर प्रभाव' असा जो रकाना आहे त्यात सगळ्यांनी तिला भरभरून दिलं होतं. त्या मुलीलाही गरज होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी या दुसरीला आठ दिले, दोन वाक्यं बोललेही तिच्या बाजूने, पण सरासरी निघाली आणि तिचं नाव वेटिंगवर गेलं.

झालं एवढंच. यात कुणी दुष्ट नव्हतं. सगळे स्वतःच्या खिशातले पैसे घालणारे, रविवार मोडून येणारे लोक. पण घरी आल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. भाजी चिरताना डोक्यात तीच, मांडीवरची सॅक आणि तिच्या पट्ट्याला घट्ट धरलेला हात. आणि कितीतरी वेळाने लक्षात आलं की हा हात मी आधी बघितलाय, फक्त तो सॅकला नाही, मैद्याच्या पोत्याला धरलेला होता.

रोझेटा.

१९९९ चा बेल्जियन सिनेमा, ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या दोघा भावांचा. त्या वर्षी कान फेस्टिव्हलला डेव्हिड क्रोननबर्गच्या ज्युरीने पाम द'ओर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, या सिनेमाला दिलं तेव्हा बरेच लोक उडालेच होते, कारण सगळ्यांचा अंदाज आल्मोदोवार या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या सिनेमाच्या बाजूने होता. बेल्जियमला मिळालेलं ते पहिलं पाम द'ओर. मी तो पहिल्यांदा कॉलेजच्या काळात एका फिल्म क्लबमध्ये बघितला होता आणि खरं सांगायचं तर मला मळमळलं होतं. कॅमेरा हातात धरलेला, मुलीच्या अक्षरशः मानगुटीवर बसलेला, ती पळते तसा तोही पळतो, ती वळली की आपल्याला तिचा कान आणि अर्धा गाल दिसतो, समोर काय आहे ते कळायच्या आत ती पुढे गेलेली असते. बॅकग्राउंड म्युझिक नाहीच. आता इथे वाईट वाटून घ्या असं सांगायला कुणी व्हायोलिनवाला येत नाही. तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. मुलाखतींच्या रात्री परत लावला, घरातले झोपले होते, आवाज कमी करून, आणि या वेळी मळमळ वगैरे काही झालं नाही, उलट दीड तास पाय खाली सोडावेसेच वाटले नाहीत.

सुरुवातच मुळी भांडणाने होते. पांढरा डगला, डोक्यावर टोपी घातलेली एक मुलगी कारखान्याच्या बोळांतून तरातरा चाललीय, दारं आपटतेय, कारण तिची ट्रायलची मुदत संपली आणि तिला काढलंय. ती जायला तयार नाही. काम नीट करत होते ना, मग का? उत्तर देण्यासारखं कुणाकडे काही नाही. शेवटी तिला ओढून बाहेर काढावं लागतं, ती लाथा मारते, जे हाताला लागेल ते धरून ठेवते. तिचं नाव काय, घरी कोण, आपल्याला यातलं अजून काहीही माहीत नाही. आपल्याकडच्या सिनेमात अशा मुलीची ओळख करून देताना आधी तिला देवासमोर किंवा आजारी आईच्या उशाशी तरी बसवतील, मग तिने आरडाओरडा केला तरी आपण समजून घेऊ. दार्देन बंधू असलं काही भांडवल तिला देतच नाहीत. पहिली ओळख म्हणजे तिचं किंचाळणं, आणि तिथून पुढे तुम्ही तिच्याबरोबर यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

घर म्हणजे गावाबाहेरच्या कॅम्पिंगच्या जागेतली एक कॅराव्हॅन. त्या जागेचं नाव ग्रँड कॅनियन, बहुतेक कुणीतरी फार आशेने ठेवलं असणार. तिथे ही आणि तिची दारुडी आई. आईने शिवून दुरुस्त केलेले जुने कपडे रोझेटा दुकानात नेऊन विकते. पलीकडे रहदारीचा रस्ता आहे, तो गाड्या चुकवत पळत ओलांडायचा, झाडीत शिरायचं, तिथे एका पाइपात लपवून ठेवलेले गमबूट काढायचे, पायातले चांगले शूज काढून तिथे ठेवायचे आणि मग चिखलातून घरी. रोज. सिनेमात हे इतक्या वेळा दाखवलंय की पहिल्यांदा कंटाळा येतो आणि नंतर त्यातच जीव अडकतो. शूज खराब झाले तर काम मागायला कशी जाणार, हे ती कुठे बोलून दाखवत नाही. पोटात कळा येतात तेव्हा ती हेअर ड्रायर लावून पोट शेकते, आपल्याकडे गरम पाण्याची पिशवी लावतात तसं. डॉक्टर नाही. कळा कसल्या, सांगत नाहीत. मासे पकडायला बाटलीचा सापळा करून डबक्यात सोडते, आणि तोही चोरून, कुणी येतंय का बघत. आईला कुणीतरी मासा दिलेला असतो तो मात्र ती घरात ठेवून घेत नाही, फेकून देते. आपण भिकारी नाही. चोरून पकडलेला मासा चालतो आणि दिलेला चालत नाही, हे गणित ज्याला कळत नाही त्याने कधी दुसऱ्याच्या घरचं उरलेलं डब्यात भरून घेतलेलं नसणार.

इथे मला माझी मोठी आत्या आठवते. आजोबा परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले किती परत आत गेले हे गिरणगावातल्या घरांना सांगायची गरज नाही. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. अकरावी अर्धवट सोडून ती वह्यांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात लागली, खळीने बोटांची सालं निघायची म्हणे. घरात खाणारी तोंडं सहा. आत्या रॉकेलच्या डब्यावर खडूने रेघ मारून जायची, संध्याकाळी रेघेच्या खाली उतरलं असेल तर आजीला जाब. पाहुणा आला आणि दुसऱ्यांदा चहा टाकायची वेळ आली की ही पाहुण्यासमोर साखरेचा डबा उघडून आत बघायची आणि झाकण लावायची. शेजारच्या काकूंनी एकदा बारशाचं उरलेलं जेवण पाठवलं, भात, जिलब्या, सगळं व्यवस्थित झाकून, तर आत्याने भांडं तसंच परत नेऊन दिलं. लहान काका अजून त्या जिलब्यांसाठी हळहळतात. माझे बाबा शिकले ते तिच्या पगारावर, दोन्ही काकासुद्धा. आणि तरी आमच्या घरात आत्याचा विषय निघाला की वाक्य ठरलेलं, केलं हो तिने खूप, पण स्वभाव... आणि तो 'पण' असा लांबवायचा की पुढचं बोलावंच लागू नये. गेल्या वर्षी तिची साठी केली, हॉल घेतला, शाल, श्रीफळ, पेढे. धाकट्या काकाने भाषण केलं की आमच्या ताईने सगळं हसतमुखाने सोसलं. पहिल्या रांगेत बसलेली आत्या माझ्याकडे वळून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "हसले कधी मी?"

दार्देन भाऊ ज्या भागातले, तो लिएजजवळचा सेरँ, म्यूज नदीच्या काठचा. १८१७ मध्ये जॉन कॉकरिलने तिथे लोखंडाचा कारखाना काढला आणि पुढे दीडशे वर्षं तो पट्टा पोलादावर जगला, भट्ट्या, धूर, कामगारांच्या वस्त्या, युनियन, संप, सगळं आपल्या ओळखीचं. १९७० नंतर एकेक करत ते बंद पडत गेलं. हे दोघे भाऊ सुरुवातीला त्याच भागातल्या कामगारांवर, जुन्या संपांवर डॉक्युमेंटरी करायचे. म्हणजे रोझेटाच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे, पण सिनेमात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एकही माणूस म्हणत नाही की पूर्वी इथे काम होतं. आणि ते मला फार बरोबर वाटलं, कारण संपाबद्दल बोलायला आमच्याकडे आजोबा होते, बाबा होते, पुढे पुस्तकंही आली, पण ज्या पोरीला सकाळी आठला बाइंडिंगच्या कारखान्यात पोचायचंय तिला इतिहास कसला, तिला फक्त आजचा रोज मिळतो का नाही एवढंच दिसतं. रोझेटालाही तेवढंच दिसतं. कॅमेरा तिच्यापासून हातभर लांब का जात नाही ते मला या वेळी कळलं. तिलाच हातभरापलीकडचं बघायची सवड नाही, मग आपल्याला कशी मिळेल.

तर वॅफलची गाडी. आता आपल्याकडेही मॉलच्या बाहेर चॉकलेट ओतलेले वॅफल मिळतात आणि एकाच्या पैशात दोघांची मिसळ होईल, पण तिथे ते म्हणजे आपल्या वडापावच्या गाडीसारखं, रस्त्यावरचं, उभ्याने खायचं. त्या स्टॉलवर रिके नावाचा मुलगा आहे. साधा, थोडा बावळट, मोपेडवरून फिरतो. तोच तिला सांगायला येतो की मालकाने एका बाईला काढलंय, जागा रिकामी आहे. तिला काम मिळतं, पीठ मळायचं, पोती उचलायची, आणि ती ते इतकं मन लावून करते की बघताना आपल्याला हायसं वाटतं. त्या बाईला का काढलं? मूल आजारी होतं म्हणून तिचे खाडे झाले होते. रोझेटा तिच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. पुढे थोड्याच दिवसांत मालक हिलाही काढतो, कारण त्याच्या मुलाला शाळेत जमेना आणि त्याला कुठेतरी चिकटवायचाय. तेव्हा ती ते मैद्याचं पोतं मिठी मारून धरते. मालक ओढतोय, ती सोडत नाही. मालकही राक्षस नाही बरं का, त्याला अवघडल्यासारखं होतंय, तो समजावतोय, पुढे काही असलं तर सांगेन म्हणतोय. पण ती पोतं सोडत नाही. हाच तो हात.

त्याआधी एक रात्र येते. रिकेच्या घरी ती जेवायला जाते. तो बिअर देतो, पाव तळून देतो, हातांवर उलटं उभं राहून दाखवतो, स्वतः वाजवलेल्या ड्रमचं रेकॉर्डिंग लावतो, आणि ते इतकं वाईट असतं की काय सांगू. सगळ्या सिनेमात संगीत म्हणून जे काही आहे ते एवढंच. मग तो तिला नाचायला उभं करतो आणि तिला नाचता येत नाही, म्हणजे कसं हलायचं तेच तिला माहीत नाही. हे शरीर पळायला, उचलायला, धरून ठेवायला तयार झालंय, उगाच मजेसाठी हलायचं ते कसं? त्यातच पोटात कळ येते. रात्री ती तिथेच झोपते आणि झोपण्याआधी स्वतःशी कुजबुजते. तुझं नाव रोझेटा. माझं नाव रोझेटा. तुला काम मिळालं. मला काम मिळालं. तुला एक मित्र मिळाला. मला एक मित्र मिळाला. तुझं आयुष्य आता नॉर्मल आहे, माझं आयुष्य नॉर्मल आहे. तू खड्ड्यात पडणार नाहीस, मी खड्ड्यात पडणार नाही. एकदा तू, एकदा मी. हा प्रसंग म्हणजे सिनेमातली सगळ्यात हळवी जागा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं वाचलं. मला तर तो ऐकताना भीतीच वाटली. अठराच्या आतबाहेरची पोर स्वतःलाच मुलाखत देतेय, स्वतःच प्रश्न विचारतेय, स्वतःच पास करतेय, कारण बाहेर कुणी तिला पास करत नाही. या वयात आपण उशीला कवटाळून कुणाकुणाची स्वप्नं बघायचो! हिचं स्वप्न काय, तर नोकरी लागलीय आणि आपण इतरांसारखे आहोत.

आणि मग ते डबकं.

आधी एकदा तिच्या आईने तिला त्यात ढकललेलं असतं. ही आईला दारू सोडवायच्या ठिकाणी न्यायला बघतेय, झटापट होते, आई हिला ढकलते आणि पळून जाते. रोझेटा चिखलात रुतत चाललीय आणि आई आई म्हणून ओरडतेय, सगळ्या सिनेमात इथेच फक्त ती लहान मुलीसारखी दिसते. आई येत नाही. कशीबशी स्वतःची स्वतः बाहेर येते. नंतर एके दिवशी त्याच डबक्यात रिके पडतो, तिला मदत करायलाच वाकलेला असतो, आणि तो गटांगळ्या खातोय, हाका मारतोय, आणि ही उठून चालू लागते. तो बुडाला तर स्टॉलवरची त्याची जागा रिकामी होईल. हे कुणी बोलत नाही, पण तुमच्या माझ्या डोक्यात ते येतं आणि तिच्याही डोक्यात ते आलंय हे तिच्या पाठीवरून कळतं. काही क्षण असे जातात की मी पांघरुणाचं टोक तोंडात धरलं होतं. मग ती परत येते, फांदी पुढे करते, त्याला काढते. वाचला. पण वाचला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकावा तर पुढेच ती त्याचा घात करते. रिके मालकाच्या नकळत स्वतःचे वॅफल करून विकत असतो, त्याने हिलाही त्यात काम देऊ केलेलं असतं, पण हिला असलं चोरीछुपं काम नकोय, हिला खरी, नोंदलेली नोकरी हवीय. ती सरळ मालकाला जाऊन सांगते. मालक तिथल्या तिथे रिकेचा एप्रन काढून घेतो आणि तिला देतो.

माझी एक मैत्रीण आहे, शाळेत शिकवते, तिला मी दुसऱ्या दिवशी हा सिनेमा बघायला लावला. तिचा फोन आला तो चिडूनच. म्हणाली, इथपर्यंत मी तिच्या बाजूने होते, पण ज्याने जेवायला घातलं, काम सांगितलं, त्याच्या पोटावर पाय दिला ना तिने, मग उरलं काय? मी म्हटलं, उरली नोकरी. ती म्हणाली, तू उगाच गरिबीच्या नावाखाली सगळं माफ करतेस. त्यावर आमचं बराच वेळ चाललं. मला माफ करायचं नाहीये. रिकेचं मोपेडवरून तिच्या मागे येणं, तिला अडवणं, तो राग, ते सगळं शंभर टक्के बरोबर आहे आणि सिनेमाही ते कुठे झाकत नाही. पण मैत्रीण जे म्हणत होती त्याच्या खाली मला आमच्या हॉलमधलंच काहीतरी ऐकू येत होतं. की बाई, तू सोस, झगड, पडून परत ऊठ, आम्ही टाळ्या वाजवू, पण हे सगळं करताना तुझा जीव मऊ राहिला पाहिजे, तुला कृतज्ञता वाटली पाहिजे, आणि ती आम्हाला दिसली पाहिजे. चिवट मुलगी आपल्याला आवडते ती पोस्टरवर. प्रत्यक्षात चिवटपणा कसा असतो, तर तो चिवटच असतो, त्याला धरायला गेलं की हाताला लागतो. आत्याने साखरेचा डबा बंद केला तेव्हा बाबांच्या फीचे पैसे त्या डब्यातूनच निघत होते, आणि पाहुण्याचा अपमानही खरा होता. दोन्ही खरंच. आजीला तो अपमान शेवटपर्यंत बोचत राहिला, आणि आजी चूक होती असं मी म्हणू शकत नाही.

एमिली द्येकेन ही मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती, तिचा पहिलाच सिनेमा, आणि कानमध्ये तिला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं, दुसऱ्या एका सिनेमातल्या सेव्हरीन कॅनीलबरोबर विभागून. अभिनय म्हणावा तर त्यात डायलॉग मोजके, रडणं जवळपास नाही. सगळं चालण्यात आहे. ती कशी चालते ते बघा एकदा, डोकं पुढे, खांदे आवळलेले, जणू समोरून कुणीतरी धक्का देणारच आहे. दार्देन बंधूंनी स्वतःच तिला लढाईवर निघालेल्या सैनिकाची उपमा दिलीय. ही एमिली १६ मार्च २०२५ ला गेली, ४३ वर्षांची होती, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर. ती बातमी वाचली तेव्हा मी नुसतंच 'अरे' म्हणून पुढे सरकले होते, त्या रात्री सिनेमा बघताना मात्र तिची ती लालसर गालांची, घामेजलेली मान बघून घशात काहीतरी अडकलं. वेगळ्याच कारणाने, सिनेमाशी त्याचा संबंध नाही.

तर तिला एप्रन मिळतो. स्टॉलच्या आत ती उभी आहे, गिऱ्हाइकाला वॅफल देतेय, पैसे घेतेय, आणि पहिल्यांदाच कॅमेरा जरा शांत झाल्यासारखा वाटतो. मिळालं एकदाचं. आणि हे टिकतं किती, तर जेमतेम. घरी येते तर आई पिऊन बाहेर पडलेली. तिला ओढत आत नेते, पलंगावर टाकते, आणि मग फोन करून मालकाला सांगते की मी उद्यापासून येणार नाही. ज्या नोकरीसाठी एवढं सगळं केलं ती अशी एका फोनवर सोडते. आवाज सपाट. कारण देत नाही. मग अंडं उकडते, खाते, दारं-खिडक्या बंद करते आणि गॅस सोडते. आता इथे दुसरा कुणी डिरेक्टर असता तर काहीतरी मोठं घडवलं असतं. इथे काय होतं, तर सिलिंडर संपतो. मरायला पुरेल एवढाही गॅस नाही. मग ती उठते, रिकामा सिलिंडर घेऊन कॅम्पिंगच्या त्या मॅनेजरकडे जाते, भरलेला घेते, आणि तो धूड उचलून, ठेवून, परत उचलून आणू लागते. मागून मोपेडचा आवाज. रिके तिच्याभोवती घिरट्या घालत राहतो. ती सिलिंडरसकट पडते आणि शेवटी रडते. तो तिला हात देऊन उभं करतो. ती त्याच्याकडे बघते. संपला सिनेमा.

नोकरी का सोडली, यावर मैत्रिणीचं म्हणणं पश्चात्ताप. असेल. मला तसं पूर्ण पटत नाही. मला वाटतं तिला एकदम दिसलं की काम मिळालं तरी घरी आई तशीच असणार आहे, म्हणजे ती रात्री जे पाठ म्हणत होती, काम मिळालं, मित्र मिळाला, नॉर्मल झालं, त्यातलं एक मिळवताना दुसरं तिने स्वतःच्या हाताने घालवलं आणि तिसरं तर आलंच नाही. आत्याला मी एकदा विचारलं होतं, बाबा नोकरीला लागल्यावर तू बाइंडिंग का सोडलंस, तेव्हा तर तुला सुपरवायझर करणार होते. ती म्हणाली, कंटाळा आला. मी अजून खोदून विचारलं तर म्हणाली, तुला पुस्तक लिहायचंय का माझ्यावर? विषय संपला. काही माणसांना आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, फॉर्ममध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच, आणि मला वाटतं ते त्यांच्याकडे उरलेल्या थोड्या चीजवस्तूंपैकी एक असतं. ती मुलगी काकांना आईबद्दल काही बोलली नाही ते मला म्हणूनच उद्धटपणाचं वाटलं नव्हतं. आई तिची होती.

या सिनेमाबद्दल वाचताना एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे 'रोझेटा कायदा'. बेल्जियममध्ये तरुणांना पहिली नोकरी मिळावी म्हणून सरकारने योजना आणली, लॉरेट ऑन्केलिंक्स तेव्हा रोजगारमंत्री होत्या, आणि तिला लोक रोझेटा प्लॅन म्हणू लागले. २००० मध्ये ती लागू झाली. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी कामगारसंख्येच्या ३ टक्के इतक्या तरुणांना घ्यायचं, असा साधारण नियम. सिनेमाने कायदा बदलला ही गोष्ट सांगायला छानच वाटते, मीही बऱ्याच जणांना सांगितली असेल, पण दार्देन बंधूंनीच नंतर स्पष्ट केलं की तो कायदा आधीपासून तयार होत होता, नाव तेवढं सिनेमाचं चिकटलं. नाव चिकटलं हेही काही कमी नाही म्हणा. फक्त मी बसल्या बसल्या हिशेब करून बघितला. वॅफलवाल्याकडे माणसं किती? एक पीठ मळणारी, एक स्टॉलवरचा, फार तर इकडेतिकडे आणखी चार. त्याला हा कायदा लागूच झाला नसता, तो पोराला खुशाल चिकटवू शकला असता. सुरुवातीच्या त्या कारखान्याला कदाचित झाला असता, तिथे बोळच्या बोळ भरून बायका काम करताना दिसतात. पण तिथून तर तिला ट्रायल संपल्यावर ओढून बाहेर काढलं होतं, आणि तेव्हा तिचा कामाबद्दलचा जो प्रश्न होता त्याचं उत्तर या कायद्यातही कुठे आहे असं मला दिसत नाही.